गोष्ट कोण सांगते? : आभासी वास्तव आणि बडोद्याची दृश्यपरंपरा

आभासी वास्तव, म्हणजे सर्वत्र ज्याला ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हटले जाते, हे कथनाचे नवे आणि अधिक समर्थ माध्यम आहे, असे विधान गेल्या दशकभरात इतक्या वेळा केले गेले की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. २०१५ साली ख्रिस मिल्क या अमेरिकन दिग्दर्शकाने एका व्याख्यानात या माध्यमाला सहानुभूती निर्माण करणारे अंतिम यंत्र ठरवले. त्याच वर्षी त्याने व गाबो अरोरा यांनी संयुक्त राष्ट्रसंघासाठी केलेला ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा लघुपट दाव्होस येथे दाखवण्यात आला. जॉर्डनमधील झातरी निर्वासित छावणीतली बारा वर्षांची सीरियन मुलगी हा त्याचा विषय. त्यानंतर ‘गोष्ट सांगण्याची पद्धतच आता बदलणार’ हे वाक्य शिक्षणविषयक परिसंवादांतूनही ऐकू येऊ लागले आणि महाविद्यालयांच्या खरेदी-याद्यांत हेडसेटला जागा मिळाली.

या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. एखाद्या ठिकाणी आपण प्रत्यक्ष आहोत असे वाटणे ही एक गोष्ट. त्या ठिकाणी काय घडले हे कुणीतरी आपल्याला सांगणे ही दुसरी. पहिलीला येथे सन्निधी म्हणू, दुसरीला कथन. आभासी वास्तव सन्निधी देते, आणि भरपूर देते, याविषयी वाद नाही. पण सन्निधी वाढली की कथन आपोआप वाढते, हे गृहीत मात्र टिकणारे नाही. ते का टिकत नाही, हे पाहण्यासाठी बडोदा शहर फार उपयोगी आहे. या यंत्राचा पणजोबा तेथे शतकापूर्वीच येऊन गेला आहे, आणि या यंत्राला जे साधत नाही ते साधणारी एक कलाकृतीही तेथील चित्रकाराने घडवली आहे.

पणजोबा म्हणजे स्टिरिओस्कोप. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात व मेंदू त्या फरकातून खोली जाणतो. हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले. दोन किंचित वेगळी चित्रे शेजारी ठेवून प्रत्येक डोळ्याला आपापलेच चित्र दिसेल अशी सोय केली की सपाट कागदातून डोंगर पुढे येतो. आजचा हेडसेट मुळात हेच करतो. भर पडली आहे ती एवढीच, पण ती मोठी आहे, की मान वळवली की चित्रही त्याच क्षणी वळते. इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचे असे यंत्र केले होते. आज तेच काम काहीशे ग्रॅम वजनात होते.

तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे सर्वपरिचित आहे. त्याला जोडून उभी राहिलेली ग्रंथालय चळवळ त्या मानाने कमी अभ्यासली गेली. १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आले व १९१३ पर्यंत राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि लाकडी पेट्यांतून फिरणारी पुस्तके ही त्या काळाची निर्मिती. या खात्याने एक दृश्यशिक्षण शाखाही काढली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ग्रंथालयाचा लाभ व्हावा हा तिचा हेतू. चलच्चित्रयंत्र, मॅजिक लँटर्न आणि स्टिरिओस्कोप ही तिची साधने होती. आज एखाद्या संस्थेने ग्रंथालयात हेडसेट ठेवला की त्याची बातमी होते. बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने त्याच जातीचे यंत्र पुस्तकांच्या बरोबरीने चालवले, तेही निरक्षरांसाठी.

या शाखेकडे लँटर्न व स्टिरिओस्कोप दोन्ही होते हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण दोघांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. लँटर्नचे चित्र पडद्यावर पडते, शंभर माणसे ते एकदम पाहतात आणि यंत्राशेजारी बोलणारा कुणीतरी उभा असतो. कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जे खेळ केले त्यांत संवाद व गाणी प्रत्यक्ष म्हटली जात, चित्रे काचेवरची असत. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो खेळ म्हणजे कीर्तनाला मिळालेली चित्रांची जोडच होती. स्टिरिओस्कोपमध्ये मात्र एका वेळी एकच माणूस पाहू शकतो. डोळ्यांच्या बाजूंना आड असते, शेजारचा दिसत नाही. खोली मिळते आणि सोबत जाते. हेडसेटवर आज घेतला जाणारा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो यंत्राइतकाच जुना आहे.

स्टिरिओस्कोपचा धंदा करणाऱ्यांना ही उणीव कळली होती. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीने भारतविषयक शंभर चित्रांचा संच काढला, तेव्हा त्यासोबत जेम्स रिकाल्टन यांचे पुस्तक दिले. पुस्तकाची रीत अशी की, तुम्ही आता अमुक ठिकाणी उभे आहात, तुमचे तोंड अमुक दिशेला आहे, डावीकडे काय आहे ते पाहा. नकाशावर दोन रेषा काढून दृष्टीचा आवाकाही दाखवलेला असे. रिकाल्टन यांची दृष्टी त्या काळच्या परदेशी प्रवाशाची आहे, आणि हिंदुस्थानातला माणूस त्यात पुष्कळदा देखाव्याचा भाग होऊन राहतो, ही टीका रास्तच. तरीही एक गोष्ट त्यांनी नेमकी ओळखली होती. नुसती खोली दाखवली तर पाहणारा दोन क्षण थक्क होतो आणि कार्ड खाली ठेवतो. त्याला तेथे थांबवायचे तर कानाशी एक आवाज लागतो.

आता ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’कडे पुन्हा वळू. या लघुपटाची स्तुती झाली ती सभोवार दिसणाऱ्या छावणीसाठी. पण त्याचा कणा आहे तो सिद्राच्या शब्दांतल्या निवेदनाचा. शाळा, घर, खेळाचे मैदान ही दृश्ये त्या आवाजाने एका माळेत ओवली जातात. तो आवाज काढून टाकला तर उरते ती छावणीची पाहणी. म्हणजे ज्या कृतीच्या आधारावर नव्या कथनमाध्यमाची घोषणा झाली, तिच्यात कथनाचे काम जुन्या रीतीने, सांगणाऱ्या मुलीच्या शब्दांनीच केलेले आहे. यात कमीपणा काही नाही. मात्र श्रेय कुणाचे, हे नीट सांगायला हवे.

या माध्यमाची खरी अडचण चौकटीत आहे, किंवा ती नसण्यात आहे. चित्रपट, चित्र, छायाचित्र यांना कडा असतात. कडा असल्यामुळे दोन गोष्टी शेजारी येतात आणि शेजारी आल्यामुळे त्यांच्यात अर्थ उत्पन्न होतो. गुलाममोहम्मद शेख यांचे ‘सिटी फॉर सेल’ (१९८१–८४) हे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, पण त्यातले शहर बडोदाच आहे. दंगलीने पेटलेल्या गल्ल्या, भाजीवाली आणि चित्रपटगृहात ‘सिलसिला’ पाहणारा प्रेक्षक असे सारे एकाच पृष्ठभागावर आहे. एकच दृष्टिबिंदू नाही. आपली नजर त्या शहरात वाटेल तशी हिंडते, आणि या मर्यादेत हा अनुभव आभासी वास्तवासारखाच आहे. फरक पुढे आहे. पडद्यावरच्या प्रेमकथेत बुडालेला माणूस आणि बाहेरची आग ही दोन्ही आपल्याला एकदम दिसतात. त्या एकदम दिसण्यातच चित्रकाराचे म्हणणे आहे. हेच शहर हेडसेटमध्ये उभे केले तर चित्रपटगृह समोर येईल आणि दंगल पाठीमागे जाईल. मान वळवणाऱ्याला आग दिसेल, मग पडदा दिसणार नाही. न वळवणारा तर ‘सिलसिला’च पाहून परत येईल. ३६० अंशांच्या दृश्यात सगळे असते, पण कशाच्याही शेजारी काही ठामपणे ठेवता येत नाही.

दिग्दर्शकांना याची जाणीव आहे. ते पाहणाऱ्याची मान वळवण्यासाठी आवाजाचा, प्रकाशाचा, एखाद्या चालत जाणाऱ्या पात्राचा उपयोग करतात. त्या युक्त्या उपयोगी आहेत, पण त्या प्रेक्षकाने कोठे पाहावे एवढेच सुचवतात. दोन गोष्टींतला संबंध त्या घडवत नाहीत.

फैजा अहमद खान यांच्या दोन कृती शेजारी ठेवल्या की हे अधिक स्पष्ट होते. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा त्यांचा माहितीपट २००८ चा. नासिर शेख आणि त्यांचे साथीदार नाशिक जिल्ह्यातल्या त्या यंत्रमागाच्या गावात स्वतःचा सुपरमॅन कसा उडवतात, त्याची ही हकीगत. हिरव्या कापडासमोर आडवा होऊन उडणारा नायक स्वतः यंत्रमाग कामगार आहे. माहितीपटात तो गमतीचा देखावा आणि मागांचा खडखडाट कात्रीच्या एका फटक्याने जवळ येतात. हसू आणि पोटातला खड्डा एकत्रच येतो. २०१६ साली त्याच दिग्दर्शिकेने छत्तीसगडमधील कोरबा येथील कोळसा खाणी व विस्थापित आदिवासी यांच्यावर ‘कॉस्ट ऑफ कोल’ ही आभासी वास्तवातील कृती केली. विषय तितकाच गंभीर, निष्ठा तितकीच. येथे खाणीचा प्रचंड आकार अंगावर येतो. सपाट पडद्यावर तो तसा कधी येत नाही, आणि जमीन खणून नेणे म्हणजे काय हे त्या आकारातून कळते. मालेगावच्या चित्रपटात माणसे लक्षात राहतात, कोरब्याच्या चित्रपटात जागा. एकाच व्यक्तीच्या हातून दोन माध्यमांत झालेला हा फरक केवळ योगायोगाचा म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. सभोवार पसरलेले कथन भारतीय परंपरेत नवे नाही. बडोद्याच्या कीर्तिमंदिरातच नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंतींवर चित्रे काढली आहेत. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, ‘नटीर पूजा’ आणि महाभारत युद्ध. पाहणाऱ्याला तेथे स्वतःभोवती फिरावे लागते. आक्षेप खरा आहे, पण तो उलट बाजूलाच बळ देतो. चारही भिंती स्वतंत्र आहेत, प्रत्येकीला आपली चौकट आहे, आणि मुख्य म्हणजे बहुतेकांना मीरा किंवा अभिमन्यू आधीच ठाऊक असतो. सांगणारा त्या दालनात उभा नसतो, कारण तो आजीच्या रूपाने आधीच येऊन गेलेला असतो.

शेख यांची ‘कावड : ट्रॅव्हलिंग श्राइन : होम’ (२००८) ही मांडणी आता पाहावी. कावड हा मुळात राजस्थानातला लाकडी, चित्रित, दारांचा देव्हारा. चित्तोडगडजवळच्या बस्सी गावचे सुतार तो बनवतात आणि कावडिया भाट तो पाठीवर घेऊन यजमानांच्या घरी जातात. एकात एक अनेक दारे असतात. भाट एकेक दार उघडतो, चित्रावर बोट ठेवतो, गोष्ट सांगतो, वंशावळ म्हणतो, आणि शेवटी गाभ्यातले राम, लक्ष्मण, सीता दिसतात. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या नीना सबनानी यांनी या परंपरेचा सविस्तर अभ्यास केला आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक सुटे चित्र समोर धरून गातात, त्याची येथे आठवण व्हावी. फरक इतकाच की चित्रकथीचे चित्र बदलते, कावडीचे घर उघडत जाते.

शेख यांनी ही कावड इतकी मोठी केली की माणूस तिच्या आत शिरू शकतो. म्हणजे सन्निधी आली. पाहणारा चित्रांच्या मध्ये उभा आहे, भोवताली कबीर आहे, गांधी आहेत, वेगवेगळ्या परंपरांतले संत आणि भटके आहेत. पण दारे ठेवली! दार म्हणजे हलणारी चौकट. एक दार उघडले की एक चित्र दुसऱ्याच्या शेजारी येते आणि तिसरे झाकले जाते. काय कशाशेजारी यावे, हे चित्रकाराने बिजागऱ्यांत ठरवून ठेवले आहे, आणि तरी दारातून चालण्याचे स्वातंत्र्य पाहणाऱ्याचे आहे. हेडसेट सर्व काही एकदम उघडे टाकतो. कावड क्रमाने उघडते. लपवण्याची सोय नसेल तर गोष्ट सांगता येत नाही, हे कथेकऱ्यांना ठाऊक असते.

नावातला ‘होम’ हा शब्दही दुर्लक्षण्याजोगा नाही. शेख यांचा जन्म १९३७ साली सौराष्ट्रातील सुरेंद्रनगरचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते शिकले, पुढे तेथेच त्यांनी कलेतिहास व चित्रकला शिकवली. ‘रिटर्निंग होम आफ्टर लाँग ॲबसन्स’ (१९६९–७३) या चित्रात मोहल्ल्याच्या भिंती आहेत, आई आहे आणि वर इराणी लघुचित्रांतून आलेले देवदूत आहेत. ‘घेर जतां’ या त्यांच्या गुजराती आत्मपर लेखांच्या पुस्तकाचे नावही ‘घरी जाताना’ असाच अर्थ देते. घरी जाणे म्हणजे त्या जागी पुन्हा उभे राहणे नव्हे. जागा बदललेली असते. जे परत मिळवायचे ते सांगण्यातून मिळवावे लागते.

आभासी वास्तवाचा आजवरचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोगही घरी जाण्याशीच निगडित आहे. २०१८ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट दास्तान’ने फाळणीत विस्थापित झालेल्या वृद्धांच्या मूळ गावांचे, घरांचे, मशिदी-मंदिरांचे सीमेपलीकडे जाऊन चित्रण केले आणि हेडसेटद्वारे ते त्यांना दाखवले. ज्या गल्लीत व्हिसाअभावी जाता येत नाही तेथे त्यांना उभे केले. याच गटाची ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’ ही कृती २०२२ साली सनडान्स महोत्सवात दाखवली गेली. ती रचनेने अधिक पक्की आहे, आणि तीही दोन वृद्धांच्या गप्पांमधून उलगडते. पण मूळ प्रयोगच जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात भूमिकांची अदलाबदल झाली आहे. तेथे हेडसेट घालणारा हा गोष्ट ऐकणारा नाही, तोच गोष्टीचा मालक आहे. तो पाहतो, ओळखतो, किंवा काहीच ओळखू येत नाही म्हणून गप्प होतो. आणि मग शेजारी बसलेल्या नातवंडांना सांगू लागतो. यंत्राने कथन केले नाही, कथन करणाऱ्याचे तोंड उघडले. ‘दास्तान’ हे नाव त्यामुळे शोभते.

आणि दास्तानगोईचा विषय निघाला आहे तर तिचाही दाखला येथे गैरलागू ठरू नये. अकबराच्या काळात तयार झालेल्या ‘हमजानामा’ची चित्रे मोठ्या आकाराची, कापडावरची, त्यांपैकी बहुतेकांच्या पाठीवर मजकूर आहे. चित्र श्रोत्यांसमोर धरून मागून मजकूर वाचला वा सांगितला जात असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. चित्र पुढे आणि शब्द पाठीला चिकटलेला! २००५ पासून महमूद फारुकी यांनी शम्सुर्रहमान फारुकी यांच्या मार्गदर्शनाने दास्तानगोईला पुन्हा रंगमंचावर आणले, ते तर एकाही चित्राविना. पांढरे कपडे, टोपी, बैठक आणि आवाज. श्रोत्यांना जादूचे किल्ले दिसतात. सन्निधी निर्माण करण्याचा मक्ता भिंगांकडे नाही, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात या सगळ्याचा व्यवहार कसा होतो, हे एका बंद पडलेल्या उपक्रमावरून दिसते. गुगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा, दोन भिंगांचा ‘कार्डबोर्ड’ काढला. मोबाइल त्यात सरकवला की झाला हेडसेट. किमतीच्या दृष्टीने आपल्यासारख्यांना परवडणारी ही एकमेव वस्तू होती. २०१५ साली त्याला ‘एक्स्पिडिशन्स’ या शालेय सोयीची जोड मिळाली. तिची रचना विचारपूर्वक होती. शिक्षकाच्या हाती टॅबलेट असे. तो ज्या वस्तूवर बोट ठेवी तिकडे वळण्याची खूण विद्यार्थ्यांच्या दृश्यात उमटे, आणि कोणता विद्यार्थी कोठे पाहतो आहे हे शिक्षकाला दिसे. कावडिया भाटाची जागा शिक्षकाला परत देणारी ही व्यवस्था होती, मग ती तशी योजलेली असो वा नसो. २०२१ साली ती बंद करण्यात आली, त्याच वर्षी कार्डबोर्डची विक्रीही थांबली. ज्यांनी त्यावर पाठ आखले होते त्यांचे पाठ गेले. रिकाल्टन यांच्या संचातले कार्ड आज कुठल्या जुन्या पेटीत सापडले, तर त्याला दोन भिंगे पुरतात.

नव्याने खरेदी करणाऱ्या विभागांनी म्हणून यंत्राच्या क्षमतेआधी दोन गोष्टी विचाराव्यात. दृश्ये संस्थेच्या स्वतःच्या संगणकावर राहतात की दूरच्या कंपनीच्या मर्जीवर? आणि दृश्य चालू असताना शिक्षकाला वर्गाशी बोलता येते की नाही? अनेक संचांत प्रत्येक विद्यार्थी कानांवरच्या ध्वनियंत्रासह आपापल्या जगात बंद होतो आणि शिक्षक तारा सोडवीत उभा राहतो. एकच हेडसेट असणे ही अशा वेळी उणीव ठरत नाही. एकाने तो घालावा, जे दिसते ते मोठ्याने सांगावे, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत व ऐकून नकाशा काढावा. मग दुसऱ्याने घालून नकाशा ताडून पाहावा. भाषेच्या वर्गात वर्णन, क्रम आणि दृष्टिकोन शिकवायला याहून सोपा पाठ मिळणे कठीण. बडोद्याच्या मांडवी भागातल्या एखाद्या चौकाचे, किंवा आपापल्या गावच्या आठवडी बाजाराचे ३६० अंशांतले चित्रण विद्यार्थी स्वतः करू शकतात; कॅमेरा मध्यभागी ठेवायचा आणि बाजूला व्हायचे, एवढेच कसब त्याला लागते. त्यानंतर तेथे चाळीस वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाला तो हेडसेट द्यावा आणि ध्वनिमुद्रण सुरू करावे.